भेगेच्या पोटची माती

गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरच्या विजेचें अर्थिंग नव्यानें करून घ्यावें लागलें. वायरमननें अंगणाच्या कोपऱ्यांत खड्डा खणला, त्यांत तांब्याचा मुलामा दिलेली सळई उभी केली आणि सळईभोंवतीं एका पोत्यांतून पिठासारखी करडी पूड ओतून वर दोन बादल्या पाणी घातलें. ही कसली माती, म्हणून विचारतां तो म्हणाला, "बेंटोनाइट आहे, मास्तर. कच्छांतून येते. एकदां पाणी धरलें कीं लवकर सोडत नाहीं. म्हणून वीज जमिनींत नीट उतरते." येवढें सांगून तो आपल्या कामाला लागला. पोत्याच्या तळाशीं दोन ओंजळी पूड उरली होती. तें पोतें तुळशीवृंदावनाशेजारीं तसेंच पडून राहिलें आणि रात्रीं मृगाची पहिली सर आली. सकाळीं पाहतों तों दोन ओंजळी पुडीच्या जागीं कितीतरी मोठा, लोण्यासारखा मऊ आणि गुळगुळीत गोळा तयार!

आमचा नातू यंदा सहावींत आहे. त्यानें बोट खुपसून पाहिलें आणि विचारलें, "आजोबा, ही येवढी कशी फुगली?" छत्तीस वर्षें आम्ही शाळेंत जें सांगत आलों, तेंच त्यालाही सांगितलें: "बाळ, माती म्हणजे खडकाचा भुगा. ऊन, पाऊस आणि वारा खडकाला झिजवतात व त्याची माती होते. हा भुगा फार बारीक आहे, म्हणून तो पाणी पुष्कळ धरतो." त्याला तें पटलें नाहीं. तो म्हणाला, "मग आपण दगडाचा अगदीं बारीक भुगा करूं, आणि तो फुगतो का पाहूं."

आजीनें खलबत्ता देण्यास आढेवेढे घेतले. शेवटीं माळ्यावरचा जुना लोखंडी खल मिळाला. परसांतील काळ्या पाषाणाचा तुकडा आम्हां दोघांनीं अर्धा तास कुटला, वस्त्रगाळ केला आणि पेल्यांत पाणी घालून झांकून ठेवला. दुसऱ्या दिवशीं पाहिलें तों भुगा तळाशीं जसाचा तसा बसलेला, वर पाणी नितळ. बोटांत चोळला तर वाळूसारखा खरखरीत. नातू कांहीं बोलला नाहीं. पण त्यानें आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें ती दृष्टि आमच्या परिचयाची होती. फळ्यावर मास्तरांचें गणित चुकलें म्हणजे हुशार मुलें तसें पाहतात.

चूक आमचीच होती, आणि ती आजची नव्हे. आम्ही मूळचे संस्कृताचे शिक्षक; खेड्यांतील शाळा म्हणून भूगोलही आमच्याच गळ्यांत पडला होता. 'मृद्' म्हणजे माती, हा शब्द शिकवतांना त्याच नांवाच्या धातूचा अर्थ 'चुरडणें, मर्दन करणें' असा आम्ही सांगत असूं, आणि 'जी चुरडली गेली ती मृद्' हें वाक्य ऐटींत फळ्यावर लिहीत असूं. व्याकरण बरोबर होतें. परंतु शब्दाची व्युत्पत्ति म्हणजे वस्तूची उत्पत्ति नव्हे, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. चुकीची भरपाई म्हणून आम्हीं गेल्या चातुर्मासांत या मातीविषयीं जमेल तितकें वाचून काढलें. त्याचें सार या महिन्याच्या लेखांत वाचकांस सादर करीत आहों. आणि आमचे जे जुने विद्यार्थी आज हें मासिक वाचत असतील, त्यांनीं हा लेख दुरुस्तीपत्रक समजावा.

प्रथम नांवाविषयीं. अमेरिकेंतील वायोमिंग प्रांतांत पाण्यानें फुगणारी ही माती सांपडली, तेव्हां विल्बर नाइट या अध्यापकांनीं इ. स. १८९८ मध्यें तिला 'बेंटोनाइट' हें नांव दिलें. ज्या थरांत ती मिळाली त्या थरांना बेंटन किल्ल्यावरून नांव पडलें होतें, तेंच मातीकडे आलें. या मातीचा मुख्य घटक मात्र त्यापूर्वीं अर्धशतक फ्रान्समध्यें ओळखला गेला होता. तेथील मोंमोरियों गांवावरून इ. स. १८४७ मध्यें त्याला नांव मिळालें, आणि इंग्रजी उच्चाराप्रमाणें आपल्याकडे त्याला 'माँटमोरिलोनाइट' म्हणतात. नांव जिभेला जड आहे. पण वस्तूची रचना समजण्यास अगदीं सोपी आहे.

एखाद्या जाड पोथीची कल्पना करा. तिचें प्रत्येक पान मिलिमीटराच्या दहा लाखाव्या भागायेवढें जाड आहे. प्रत्येक पान तीन पदरी आहे: वरचा व खालचा पदर सिलिकेचा, म्हणजे वाळूच्या जातीचा, मधला बहुतांशीं अॅल्युमिनियमचा, आणि त्यांत थोड्या जागीं मॅग्नेशियम बसलेलें. या अदलाबदलीमुळें पानावर किंचित् ऋण विद्युत् राहते. ती भरून काढण्यासाठीं दोन पानांच्या मध्यें सोडियम किंवा कॅल्शियम यांचे धनभारित कण येऊन बसतात. या कणांना पाण्याची ओढ फार. पाणी दिसलें कीं ते त्याला पानांच्या मध्यें घेतात, पानें एकमेकांपासून दूर सरतात आणि पोथी फुगते. मध्यें सोडियम असेल तर पानांची मिठी लवकर सुटते व माती अनेक पट फुगते. कॅल्शियम असेल तर ती बेतानें फुगते. अशा मातीचा एक ग्रॅम घेऊन त्यांतील सर्व पानें सुटीं करून अंथरलीं, तर पृष्ठभाग सुमारें ७५० चौरस मीटर भरेल. आमच्या शाळेचें सारें पटांगण चमचाभर मातीनें झांकलें जाईल, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां हें उघड आहे कीं, दगड कितीही कुटला तरी अशीं पानें निघणार नाहींत. कुटलेला दगड बारीक झाला तरी दगडच. पानें व्हावयाचीं तर मूळ द्रव्य विरघळून, त्यांतील अणु सुटे होऊन, नव्या रचनेनें पुन्हा जुळले पाहिजेत. आपल्याकडे कच्चा घट भट्टींत तांबडा होतो तो कसा, यावर नैयायिक आणि वैशेषिक यांच्यांत मोठा वाद झालेला आहे. घट आहे तसा राहून त्याचा रंग पालटतो, असें नैयायिक म्हणतात, तो पिठरपाक. घटाचे परमाणु सुटे होतात, त्यांचा रंग पालटतो आणि ते पुन्हा जुळून नवा घट होतो, असें वैशेषिक म्हणतात, तो पीलुपाक. भट्टींतील घटापुरतें कोणाचें बरोबर, या वादांत आम्ही पडत नाहीं. आमच्या या मातीपुरता मात्र वैशेषिकांचा पक्ष बळकट दिसतो. गंमत अशी कीं, हें सुटणें आणि जुळणें इतक्या लहान जागेंत चालतें कीं, पुष्कळदां मूळच्या दगडांतील कणांचा आकार मातींत जसाच्या तसा उमटलेला दिसतो. द्रव्य सगळें नवें, पण ठेवण जुनी. त्यामुळें नैयायिकांसही अगदींच रिकाम्या हातानें परत जावें लागत नाहीं.

कोणता दगड असा सहज विरघळतो? ज्वालामुखीची कांच. पृथ्वीच्या पोटांतील वितळलेला रस सावकाश थंड झाला, तर अणूंना रांगेंत उभें राहण्यास सवड मिळते आणि स्फटिक बनतात. परंतु ज्वालामुखीच्या स्फोटांत तो रस हवेंत फवारला गेला म्हणजे क्षणांत थिजतो. कवाईतीची शिटी व्हावयाची आणि मुलांनीं रांग धरण्यापूर्वींच 'जेथें असाल तेथें थांबा' असा हुकूम सुटावयाचा, तसा हा प्रकार. अशी गोठलेली बेशिस्त म्हणजे कांच. ज्वालामुखीची राख म्हणून जी म्हणतात ती जळक्या लांकडाची राख नव्हे. ती बहुतांशीं कांचेची बारीक कपरीच असते. पाण्याच्या संगतींत ही कांच टिकत नाहीं. तिच्यांतील सोडियम व पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जातात, सिलिकेचा कांहीं भाग विरघळतो, अॅल्युमिनियम बहुधा जागींच राहतें, मॅग्नेशियम पाण्यांतून किंवा शेजारच्या खनिजांतून येतें, आणि वर सांगितलेलीं पानें एकावर एक रचलीं जातात. श्रावणीच्या दिवशीं भस्म आणि मृत्तिका हीं दोन वेगळीं द्रव्यें म्हणून आपण अंगाला लावतों. निसर्गाच्या या विधींत भस्माचीच मृत्तिका होते.

हें घडण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. वायोमिंगमध्यें सुमारें दहा कोटि वर्षांपूर्वीं उथळ समुद्र होता; पश्चिमेकडील ज्वालामुखींची राख वाऱ्याबरोबर येऊन त्यांत पडली आणि तेथेंच तिची माती झाली. म्हणून ती तेथें सारवल्यासारख्या लांबच लांब थरांत मिळते. परंतु कांहीं ठिकाणीं ती थरांत न मिळतां भेगांच्या कडेनें, लहानमोठ्या खिशांत मिळते. राख सगळ्या डोंगरावर पडलेली, मग माती भेगेपाशींच कां, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटला. त्याचें उत्तर ज्या प्रदेशांत उघड्या डोळ्यांनीं पाहतां येतें, तो स्पेनच्या आग्नेय टोंकाला, अल्मेरिया प्रांतांत, 'काबो दे गाता' या भूशिराजवळ आहे. युरोपांतील अत्यंत कोरड्या भागांत त्याची गणना होते. झाडी विरळ असल्यामुळें डोंगराची हाडें आणि शिरा बाहेरून दिसतात.

तेथील खडक ज्वालामुखीचे असून ते साधारणपणें दीड कोटीपासून पाऊण कोटि वर्षांपूर्वींच्या काळांत घडले. आपल्या दख्खनच्या पाषाणाचें वय सुमारें साडेसहा कोटि. त्या मानानें ते बरेच धाकटे. या खडकांच्या वायव्य बाजूनें एक मोठा भ्रंश गेला आहे. भ्रंश म्हणजे साधी चीर नव्हे. ज्या भेगेवर दोन्हीं बाजूंचे खडक एकमेकांस घासून सरकलेले असतात तिला भ्रंश म्हणतात. इ. स. १९९३ मध्यें किल्लारीस जो अनर्थ झाला, तो जमिनीखालील खडक असे एकाएकीं सरकल्यामुळेंच. अल्मेरियांतील या भ्रंशास 'कार्बोनेरास' असें नांव आहे. जमिनीवर तो सुमारें ५० किलोमीटर लांब असून पुढें समुद्राखालीं शिरतो. आफ्रिका व युरोप हीं दोन खंडें वर्षाला सुमारें ५ मिलिमीटर या गतीनें एकमेकांकडे सरकत आहेत, त्या रेट्यानें तो अजून जागा आहे. इ. स. १५२२ मध्यें अल्मेरिया शहर भूकंपानें उद्ध्वस्त झालें. त्याचा संबंध अभ्यासक याच भ्रंशाशीं जोडतात. भ्रंशाच्या दोन फाट्यांमध्यें सांपडून दाबानें वर उचलली गेलेली खडकांची एक अरुंद रांग आहे. करवतीसारख्या दिसणाऱ्या त्या टेंकड्यांना 'सेर्राता' म्हणतात, आणि बेंटोनाइटच्या नामांकित खाणींपैकीं एक तेथेंच आहे.

आतां भेगेचें काम पाहूं. पहिलें काम दगड फोडण्याचें. खडक सरकतांना भ्रंशाच्या कडेचा पट्टा चुरडला जातो आणि त्यांत असंख्य बारीक चिरा पडतात. येथें आमचें 'मृद्' हें रूप थोडें तरी कामास आलें, असें म्हणून आम्ही समाधान मानतों. पण चुरडणें ही फक्त प्रस्तावना आहे. दुसरें काम पाण्याला वाट देण्याचें. अखंड खडकांत पाणी शिरत नाहीं. भेगेंतून तें खोल उतरतें. तिसरें काम तें पाणी परत वर आणण्याचें. ज्वालामुखी शांत झाला तरी त्याच्या तळाची उष्णता दीर्घ काळ टिकते. खालीं गेलेलें पाणी त्या उष्णतेनें तापतें, हलकें होतें आणि त्याच भेगांतून वर येऊं लागतें. ओल्या मातीच्या चुलीखालीं निखारे राहावेत आणि भेगांतून वाफ निघत राहावी, तसें. असें कोमट-गरम पाणी हजारों वर्षें कांचेच्या कपऱ्यांतून वाहत राहिलें म्हणजे कांच विरघळते आणि माती बनते. वाट भेगेची, म्हणून माती भेगेशेजारीं; जेथवर पाणी पोंचलें नाहीं तेथें राखेचा दगड अजून दगडच आहे.

तें पाणी कोणतें व किती गरम होतें, हें आज कसें सांगतां येतें, असें कोणी विचारील. पाण्यांतील प्राणवायूचे कांहीं अणु इतरांपेक्षां किंचित् जड असतात. माती बनतांना तिच्या पानांत जड व हलके अणु कोणत्या प्रमाणांत बसावे, हें पाण्याच्या मूळ स्थानावर आणि उष्णतेवर अवलंबून असतें. पानांत अडकलेलें हें प्रमाण मोजून अभ्यासकांनीं असें ठरविलें आहे कीं, काबो दे गाताच्या मातीस मुख्यतः पावसाचें मुरलेलें पाणी कारण झालें, आणि तें उकळतें नव्हतें.

पाण्याचा स्वभाव मात्र सौम्य पाहिजे. याचा पुरावा त्याच प्रदेशांत, थोड्या अंतरावर मिळतो. रोदाल्किलार या गांवाजवळही ज्वालामुखीचेच खडक आहेत, भेगाही आहेत आणि तेथेंही गरम पाणी खेळलें. परंतु तें फार तापलेलें आणि गंधकाच्या तेजाबानें तिखट झालेलें होतें. त्यानें खडकांतून जवळजवळ सारे क्षार धुवून नेले. फुगणारी माती तेथें झाली नाहीं. झालें तें तुरटीचें खनिज, चिनी मातीच्या जातीची न फुगणारी पांढरी माती, आणि भेगांत थोडें सोनें. सोळाव्या शतकांत तेथें तुरटी काढीत. विसाव्या शतकांत सोन्याची खाण चालली. खडक तोच, भेग तीच. पाणी तिखट तर तुरटी आणि सोनें, पाणी सौम्य तर माती. सोन्याची खाण ओस पडली, आणि माती मात्र अजून लोकांच्या उपयोगीं पडत आहे, हें लिहितांना आम्हांस बरें वाटतें.

आतां मुख्य गोष्ट. माती बनली म्हणजे ती फुगते. फुगली म्हणजे ज्या चिरांतून पाणी येत होतें त्या चिरा बुजतात. चिरा बुजल्या म्हणजे पाण्याची वाट अडते आणि मातीचें काम थांबतें. भेगेनें पाण्याला घरांत घेतलें, पाण्यानें माती घडविली, आणि मातीनें भेगेचें तोंड बंद केलें! मोठा सांठा व्हावयाचा तर भ्रंश पुन्हा हलावा लागतो, नव्या चिरा पडाव्या लागतात किंवा मूळची राखच पोकळ व सच्छिद्र असावी लागते. जखमेंतून वाहणाऱ्या रक्तानेंच जखमेवर खपली धरते आणि खपली निघाली तर पुन्हा नवी धरते, त्यासारखाच हा व्यवहार आहे.

हा गुण शास्त्रज्ञांच्या डोळ्यांत भरला, आणि तो एका अत्यंत गंभीर कामासाठीं. अणुशक्तीवर वीज निर्माण करणाऱ्या केंद्रांत जें इंधन जळून उरतें, तें लाखभर वर्षें घातक राहतें. त्याचें काय करावें? अनेक देशांचा विचार असा ठरला आहे कीं, तें धातूच्या जाड डब्यांत बंद करून खोल, अखंड खडकांत पुरावें, आणि डबा व खडक यांच्यामध्यें बेंटोनाइट दाबून भरावें. फिनलंडांत ओल्किलुओतो येथें चारशें मीटरांहून खोल बोगदे याच हेतूनें खणले गेले. खडकांतून पाणी झिरपलें तर माती तें पिऊन फुगेल, फटी बुजतील, आणि पाणी डब्यापर्यंत पोंचण्यास किंवा विष बाहेर पडण्यास वाट राहणार नाहीं, असा हिशेब. पण डबा कित्येक वर्षें गरम राहतो. त्या उष्णतेंत ही माती आपला गुण टिकवील का, हा खरा प्रश्न.

त्याचें उत्तर शोधण्यासाठीं सेर्राताच्या खाणींतील माती निवडण्यांत आली. तिच्यांत फुगणाऱ्या खनिजाचें प्रमाण शेंकडा ९० हून अधिक आहे. तिच्या विटा दाबून स्वित्झर्लंडमध्यें ग्रिम्झेल येथें, आल्प्स पर्वताच्या पोटांतील ग्रॅनाइटच्या बोगद्यांत त्या रचल्या, आणि मध्यें पुरावयाच्या डब्यांच्या जागीं दोन विजेचे तापक ठेवले. इ. स. १९९७ मध्यें तापक सुरू झाले आणि त्यांचा पृष्ठभाग १०० अंशांवर ठेवण्यांत आला. पहिला तापक इ. स. २००२ मध्यें काढून मातीची तपासणी झाली. दुसरा १८ वर्षें तापत राहून इ. स. २०१५ मध्यें थांबविण्यांत आला. ग्रॅनाइटच्या बाजूची माती पाणी पिऊन ओली झाली होती, तापकाजवळची त्या मानानें कोरडी राहिली होती, विटांमधील सांधे फुगून मिटले होते, आणि मातीचें मूळ स्वरूप फारसें पालटलें नव्हतें. जिचा जन्मच गरम पाण्यांत झाला, तिला गरम पाण्याचें वावडें नसावें, हें एका अर्थीं स्वाभाविकच आहे. पण त्यालाही मर्यादा आहे. उष्णता फार वाढली आणि जवळ पोटॅशियम भरपूर असलें, तर पानांच्या मध्यें पोटॅशियम घट्ट बसतें, पानें कायमचीं चिकटतात आणि फुगण्याचा गुण नाहींसा होतो. म्हणून उष्णतेचा हिशेब ठेवूनच या मातीवर भरंवसा टाकावा लागतो. पुरलेल्या वस्तूची मुदत लाख वर्षांची, आणि आपली परीक्षा अठरा वर्षांची. हें अंतर भरून काढण्यास लाखों वर्षें जुन्या खाणींतील मातीचीच साक्ष काढावी लागते. सेर्राताच्या डोंगराचें महत्त्व त्यासाठीं आहे. तेथील माती केवळ माल नव्हे, ती पुरावा आहे.

स्पेन आपल्याला दूर. पण या मातीचें गोत्र आपल्या दाराशीं आहे. आम्ही राहतों त्या भीमेच्या खोऱ्यांतील काळी जमीन याच खनिजानें भरलेली आहे. तिला भेग किंवा गरम झरा लागला नाहीं. काळ्या पाषाणावर पावसाचें साधें पाणी युगानुयुगें मुरलें, आणि पाषाणांतील कांच व खनिजें विरघळून तीच पानें तयार झालीं. वैशाखांत पानांमधलें पाणी निघून जातें, जमीन आक्रसते आणि काठी जाईल येवढ्या भेगा पडतात. आषाढांत ती फुगून त्या भेगा मिटवते. कापूस आणि शाळू यांना दोन पावसांच्या मध्यें जगविणारी ओल हीच माती धरून ठेवते, आणि उथळ पायाच्या घरांच्या भिंती तडकविणारीही हीच. आमच्या माजघराच्या भिंतींत दर उन्हाळ्यांत रुंदावणारी आणि पावसाळ्यांत मिटणारी एक चीर आहे. इतकीं वर्षें आम्ही तिचा दोष गवंड्यास देत होतों. तेंही या दुरुस्तीपत्रकांत नमूद करणें उचित.

ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांनीं एक प्रयोग अवश्य करावा. एका पेल्यांत वाळलेली काळी माती, दुसऱ्यांत तितकाच कुटलेला दगड घ्यावा. दोहोंत सारखें पाणी घालून रात्रभर ठेवावें, आणि सकाळीं कोणती पातळी किती चढली, तें मुलांस दोऱ्यानें मोजूं द्यावें. उत्तर आधीं सांगूं नये. आम्ही छत्तीस वर्षें उत्तर आधीं सांगत आलों, आणि तें चुकीचें होतें.

हें सारें नातवास समजावून सांगितलें, तेव्हां त्यानें शेवटपर्यंत शांतपणें ऐकून घेतलें आणि मग विचारलें, "पण आजोबा, तो डबा पुरला तेथली भेग पुन्हा उघडली तर?" आम्ही म्हणालों, "माती ओली असेल तर ती पुन्हा फुगून बुजवील." "आणि फार मोठी उघडली तर?" आमच्यापाशीं या प्रश्नाला फळ्यावर लिहिण्यासारखें उत्तर नव्हतें. म्हणूनच अशा जागा निवडतांना जाग्या भ्रंशांपासून दूर राहतात, इतकेंच आम्हीं सांगितलें. आणि जो प्रश्न त्याला सुचला, तो पुरणारांनीं विसरतां कामा नये, असें त्याच्या वहींत लिहून दिलें. खालीं त्यानें आपल्या अक्षरांत 'आजोबांनी कबूल केलें' असें लिहिलें आहे. तें आम्हीं खोडलें नाहीं.